वाळूला फुटलेले कान

तारकोंडला सकाळी फिरायला येणारी माणसं हल्ली समुद्राकडे बघण्याआधी फलकाकडे बघत. सुरूच्या बनातून वाळूवर उतरणाऱ्या पायवाटेच्या तोंडाशीच तो उभा केला होता. त्यावर एकच आकडा आणि आकड्यामागे रंग. आकड्याचं नाव जीवांक. पायाखालच्या एक चौरस मीटर वाळूत त्या घडीला सरासरी किती जीव हालचाल करत आहेत, ते तो सांगायचा. शंभराच्या खाली लाल, दीडशेपर्यंत पिवळा, त्याच्यावर हिरवा. घरातल्या माणसाचा ताप बघून म्हणावं तसं माणसं म्हणायची, "आज बरं आहे हो वाळूला," आणि चालायला लागायची.

फलकाच्या खांबाला दोन हेडफोन टांगलेले असत. ते कानाला लावले की वाळूच्या पोटातलं ऐकू यायचं. शिंपला मिटल्याची बारीक टिक, मागच्या मागे वाळूत घुसणाऱ्या चिमुकल्या खेकड्याची खरखर, नळीतून पाणी ओढणाऱ्या किड्याचा सुस्कारा. पर्यटकांना त्याचं भारी अप्रूप. एक आजोबा तर रोज येऊन, डोळे मिटून, भजन ऐकावं तसे पंधरा मिनिटं उभे राहायचे.

डॉ. शैला मांजरेकर मात्र फलकाकडे पाठ करून वाळूवर उतरत.

शैलाबाईंनी हा किनारा चोवीस वर्षं चाळला होता. चाळला म्हणजे खरोखरच चाळला. दर अमावास्येला आणि पौर्णिमेला, मोठ्या ओहोटीच्या वेळी, पत्र्याचं एक नळकांडं वाळूत कोपरभर खुपसायचं, आतली वाळू बारीक जाळीच्या चाळणीत ओतायची, समुद्राच्या पाण्यात चाळणी हलवायची आणि वर उरलेले जीव मोजायचे. मोजून झाले की ज्या खड्ड्यातून काढले, त्याच खड्ड्यात परत. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवता शिकवता, सुट्ट्या घालवून, कंबर मोडून घेऊन त्यांनी हे केलं. त्यावर आठ-दहा शोधनिबंध छापून आले, ते जगात सगळी मिळून चाळीस माणसांनी वाचले असतील. जंगल म्हटलं की लोकांना वाघ आठवतो, खडकाळ किनारा म्हटला की कालवं आठवतात. वाळू म्हणजे नुसती मोकळी जागा. मोकळ्या जागेचा अभ्यास करणाऱ्या बाईला कोण विचारतो?

आणि मग केतकी धुरीने वाळूला कान लावले.

केतकी ही शैलाबाईंचीच विद्यार्थिनी. ध्वनिविज्ञान शिकून ती परत आली आणि तिने हातभर लांबीच्या सळ्या तयार केल्या. कागदोपत्री त्यांचं नाव श्रवणशलाका, गावात नुसते 'कान'. अशा साठ शलाका तारकोंडच्या वाळूत उभ्या पुरल्या होत्या. प्रत्येक जीवाच्या हालचालीचा आवाज वेगळा, पण कुठला आवाज कुणाचा आणि किती जणांचा, हे यंत्राला आधी शिकवावं लागतं. शिकवायला खात्रीची उत्तरं लागतात. ती उत्तरं चोवीस वर्षांच्या वह्यांत होती. केतकीने त्या मागितल्या आणि शैलाबाईंनी दोन पिशव्या भरून दिल्या. पोरीचा प्रबंध पुरा होईल एवढंच त्यांना तेव्हा वाटलं होतं. पोरीचं नाव होईल, असं काही वाटलं नव्हतं.

मत्सर हा शब्द शैलाबाईंना आवडत नसे. त्या त्याला शास्त्रीय शंका म्हणत. केतकीचा फोटो वर्तमानपत्रात आला, तेव्हा त्यांना शंका आली. दिल्लीहून माणसं शलाका बघायला आली, तेव्हा शंका वाढली. गावात शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला तेव्हा तर शंकेने त्यांच्या पोटात आग पडली. केतकीने व्यासपीठावरून खाली उतरून त्यांच्या पायाला हात लावला आणि माइकवर सांगितलं, "मॅडमनी मला चाळणी धरायला शिकवली." टाळ्या पडल्या. शैलाबाई हसल्या. घरी येऊन त्यांनी पदर न सोडताच पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "चाळणी धरायला! एवढंच शिकवलं मी?"

घरात ऐकायला कुणी नव्हतं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगा बंगळूरला. एक चाळणी होती, ती खुंटीला टांगलेली.

त्या उन्हाळ्यात तारकोंडला वाळूभरण झालं. समुद्र दरवर्षी किनारा खात होता आणि सुरूची झाडं मुळांसकट आडवी होत होती. म्हणून किनारा व्यवस्थापन समितीने खाडीच्या तोंडातली वाळू उपसून ती किनाऱ्यावर पसरली. किनारा रुंद झाला, गुळगुळीत झाला, फोटोत छान दिसायला लागला. दक्षिण टोकाचा, खडपाजवळचा, म्हणजे खडकांना लागूनचा दोन-अडीचशे पावलांचा पट्टा तेवढा भरावाविना राहिला, कारण तिथे ट्रक पोचत नव्हते. पावसाळ्यानंतर शलाका पुन्हा पुरल्या आणि फलकावरचा आकडा चढायला लागला. एकशे साठ, एकशे नव्वद, दोनशे दहा. वाळूभरण केल्यावर जीव वाढले! समितीचे अध्यक्ष मोंडकर, जे उभ्या जन्मात कधी वाळूत वाकले नव्हते, ते सगळ्यांना सांगत सुटले की आम्ही नुसता किनारा वाचवला नाही, तर वसवला.

हिरव्या रंगाला आणखी एक अर्थ होता. जीवांक सलग सात दिवस हिरवा राहिला की वाळूफणी चालवायला परवानगी, असा समितीचा नियम होता. वाळूफणी म्हणजे आपली आपण चालणारी लाल गाडी. वरची वीतभर वाळू ती दातांनी उचलायची, झाडायची, प्लॅस्टिक आणि भरतीने टाकलेला पालापाचोळा वेगळा काढून घेऊन जायची आणि मागे रांगोळी घालायला करावी तशी जमीन सोडायची. हॉटेलवाल्यांना ती हवी होती. नियम केतकीनेच घातला होता आणि त्यासाठी ती मोंडकरांशी भांडली होती.

हिरवा रंग लागून चौथा दिवस होता. सकाळी शैलाबाईंच्या फोनवर केतकीचा मेसेज आला. 'मॅडम, आकडे जरा जास्तच चांगले वाटतायत. मी दापोलीला अडकलेय. एकदा चाळून बघाल का? तुमच्या चाळणीशिवाय मला खात्री वाटत नाही.'

शैलाबाईंनी तो तीनदा वाचला. उत्तर दिलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चाळणी खुंटीवरून उतरली.

बरोबर सुलूकाकी तारी होती. सुलूकाकी चाळीस वर्षं या किनाऱ्यावर शिंपले काढून बाजारात विकत आली. तिला नळकांडं लागत नसे. ओहोटीच्या ओल्या वाळूत ती अनवाणी टाचा घुसळत जायची आणि टाचेला जे लागेल ते वाकून उचलायची. नव्या वाळूत पन्नास पावलं चालून ती थांबली.

"बाई, हयसर काय्येक नाय. पायाक एक शिंपी गावाक नाय."

शैलाबाईंनी नळकांडं खुपसलं, चाळलं. चाळणीत उरले जुन्या शिंपल्यांचे चपटे तुकडे, मूठभर. जिवंत असा एक किडा. दुसरीकडे चाळलं, तिसरीकडे चाळलं. दहा ठिकाणचे मिळून सहा जीव. फलकावर त्या वेळी दोनशे चौदा होते.

"मगे ता यंत्र कित्याक वरडता?" सुलूकाकीने विचारलं.

शैलाबाई गुडघ्यांवर बसल्या आणि कान वाळूला टेकवला. ओहोटीचं पाणी खाली झिरपत होतं. पाणी गेलं की चपटे तुकडे एकमेकांवर बसत होते. टिक. टिक. टिक. जिवंत शिंपला मिटताना अगदी असाच वाजतो. जुन्या वाळूत हे तुकडे नव्हतेच, म्हणून वह्यांत नव्हते, म्हणून यंत्राला ते कुणी शिकवलेलं नव्हतं. यंत्र मेलेल्या शिंपल्यांच्या कवचांना जिवंत समजून मोजत होतं.

खरं सांगायचं तर शैलाबाईंना आनंद झाला. इतका निखळ आनंद त्यांना गेल्या दोन वर्षांत झाला नव्हता.

मग त्या दोघी दक्षिण टोकाला गेल्या. तिथे जुनीच वाळू होती, आणि तिथली चाळणी पाण्यातून वर आली ती वळवळतच. तांदळाच्या कणीएवढे शिंपले, तिळाएवढे खेकडे. पावसाळा संपला की समुद्रातून तरंगत आलेली पिल्लं वाळूत उतरतात, ती यंदा इथेच उतरली होती. एका नळकांड्यात एकशे तीस. सगळी वरच्या चार बोटांत.

"ह्यो बियाणो ऱ्हवलो हा," सुलूकाकी म्हणाली. "ह्याच पुढे सगळीकडे पसारतला. बाई, केतकीक आजच फोन लावा. ती लाल गाडी सुरू झाली तर हयसर पण येतली."

"लावते," शैलाबाई म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी फोन हातात घेतला. आणि ठेवला.

फोन केला असता तर काय झालं असतं, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. केतकीने आभार मानले असते. त्याच दिवशी आकडे मागे घेतले असते, यंत्राला तुकड्यांचा आवाज शिकवला असता आणि महिन्याभरात सुधारलेल्या शलाकांवर नवा निबंध लिहिला असता. त्यात शेवटी बारीक अक्षरांत एक ओळ, डॉ. मांजरेकर यांचे आभार. केलं त्यांनी आणि मिरवलं दुसऱ्याने, हे पुन्हा एकदा. उलट बारा दिवसांनी किनाऱ्यावर जनसुनावणी होती. तारकोंडचा जीवांक आणखी सात किनाऱ्यांना लावायचा की नाही, ते तिथे ठरणार होतं. जिल्ह्याचे अधिकारी, वर्तमानपत्रवाले, सगळे असणार होते. तिथे सगळ्यांसमोर चाळलं तर?

शास्त्रात घाई चालत नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. एका दिवसाच्या नमुन्यावर कुणी बोलू नये. हे वाक्य त्यांनी चोवीस वर्षं विद्यार्थ्यांना शिकवलं होतं, त्यामुळे ते मनातसुद्धा खरं वाटलं.

दोन दिवसांनी केतकीचा आणखी एक मेसेज आला. 'मॅडम, वेळ झाला का?' शैलाबाईंनी लिहिलं, 'बघते गं. तब्येत बरी नाही.' त्यावर केतकीने लगेच फोन केला, डॉक्टरकडे गेलात का, कुणाला पाठवू का, असं विचारलं. त्या प्रेमाचाही शैलाबाईंना रागच आला. जिच्यावर जळावं ती वाईट असली तर निदान बरं वाटतं. या पोरीत तेवढीही सोय नव्हती.

सात दिवस भरले आणि वाळूफणी सुरू झाली. पहिल्या सकाळी तिचा घरघराट ऐकून शैलाबाई अंगणात आल्या. गाडी हॉटेलांसमोरच्या नव्या वाळूत फिरत होती. फिरू दे, त्या मनात म्हणाल्या, तिथे मरायला आहेच कोण. तिसऱ्या सकाळी तो लाल ठिपका दक्षिणेला सरकताना दिसला. जीवांक अख्ख्या किनाऱ्याचा एक, म्हणून परवानगीही अख्ख्या किनाऱ्याची. शैलाबाई फाटकाच्या कडीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. चालत गेलं तर दहा मिनिटं. मग त्या आत आल्या, खुर्चीत बसल्या आणि सुनावणीत वाचायचं टिपण पुन्हा पहिल्यापासून नीट लिहायला घेतलं.

सुनावणीच्या दिवशी मांडव भरला होता. केतकी पहाटेच्या गाडीने आली होती. तिने आधी शैलाबाईंची तब्येत विचारली. मोंडकरांनी आकडे वाचले, टाळ्या घेतल्या. मग शैलाबाई उठल्या.

त्या छान बोलल्या. इतक्या छान त्या वर्गातही कधी बोलल्या नव्हत्या. त्यांनी सगळ्यांना मांडवाबाहेर वाळूवर नेलं, फलकाकडे बोट दाखवलं, दोनशे एकवीस. मग पदर खोचून नळकांडं खुपसलं, चाळलं आणि चाळणी अधिकाऱ्यांच्या नाकासमोर धरली. तुकडे. नुसते तुकडे. त्यांनी मूठभर तुकडे पाण्यात भिजवून माइकसमोर ठेवले, पाणी निथळलं आणि लाउडस्पीकरवरून अख्ख्या किनाऱ्याने ऐकलं, टिक, टिक, टिक.

"हे मेलेले आहेत," शैलाबाई म्हणाल्या. "डॉ. धुरींच्या यंत्राला मेलेलं आणि जिवंत यातला फरक कळत नाही."

कॅमेरे वळले. मोंडकरांचं तोंड उतरलं. अधिकारी एकमेकांशी कुजबुजले आणि तिथल्या तिथे सात किनाऱ्यांचा ठराव बाजूला ठेवला गेला. याच घटकेची शैलाबाईंनी बारा दिवस वाट पाहिली होती. त्यांनी केतकीकडे पाहिलं. ती रडेल किंवा भांडेल, अशी त्यांची अपेक्षा होती.

केतकी पांढरीफटक पडली होती, पण ती फलकाकडे बघत नव्हती. तिने खाली वाकून वाळूवरच्या फणीच्या दात्यांच्या रेषा बघितल्या आणि त्या कुठवर गेल्यात ते बघत मान वळवली.

"मॅडम," ती म्हणाली, "म्हणजे हिरवा रंग खोटा होता. म्हणजे फणी चालायलाच नको होती. दक्षिण टोक?"

आणि ती धावत सुटली. मागून सुलूकाकी, तिच्यामागून चाळणी आणि नळकांडं घेतलेल्या शैलाबाई, आणि काय झालं ते न कळलेली बरीचशी माणसं.

दक्षिण टोकाला फणीच्या दात्यांच्या सरळ, समांतर रेषा खडपापर्यंत गेल्या होत्या. वाळू स्वच्छ होती. वरची वाळू हाताला कोरडी, भुसभुशीत लागत होती. केतकीने शैलाबाईंच्या हातून नळकांडं घेतलं, खुपसलं, चाळणी पाण्यात हलवली. हलवण्याची पद्धत शैलाबाईंचीच होती, मनगटातून, डावीकडून उजवीकडे. चाळणी वर आली. काही नव्हतं. दुसऱ्यांदा. काही नाही. सातव्या नळकांड्यात एक शिंपला मिळाला, कणीएवढा, उघडा. तोही रिकामा.

सुलूकाकी टाचा घुसळत पाण्याच्या कडेने गेली आणि परत आली. बारा दिवसांपूर्वी याच जागी कोण काय म्हणालं होतं, ते तिला आठवत होतं, आणि तिने शैलाबाईंकडे एकदाच, सावकाश बघितलं. मग ती केतकीला म्हणाली, "फुडल्या वर्सा येतीत मा गो?"

"दुसऱ्या कुठल्या किनाऱ्यावर मोठे शिंपले उरले असतील, तर त्यांची पिल्लं इथवर वाहत येतील," केतकी म्हणाली. "मी बघेन. सगळीकडे चाळून बघेन."

लोक हळूहळू मांडवाकडे परतले. तिकडे शैलाबाईंना भेटायला वर्तमानपत्रवाले थांबले होते. शैलाबाई तिथेच उभ्या राहिल्या. पोटात इतके दिवस जे जळत होतं ते विझलं होतं आणि त्या जागी काहीच नव्हतं. आपण बरोबर होतो, हे त्यांना शब्दाशब्दाने माहीत होतं. त्याचा उपयोग काय, ते कळत नव्हतं.

केतकीने चाळणी समुद्रात धुतली, पाणी झटकलं आणि त्यांच्या हातात दिली.

"माझा मेसेज आल्यावर चाळलं होतंत ना?"

खोटं बोलणं सोपं होतं. काल चाळलं, तब्येत बरी नव्हती, असं म्हटलं असतं तर तिने विश्वास ठेवला असता, हे शैलाबाईंना ठाऊक होतं. तिने आजवर त्यांच्या प्रत्येक आकड्यावर विश्वास ठेवला होता.

"दुसऱ्याच सकाळी," त्या म्हणाल्या. "फणी सुरू व्हायच्या आधी. इथे एकशे तीस होते. एका नळकांड्यात."

केतकीने मान हलवली. ती ओरडली नाही, त्याचं शैलाबाईंना जास्त भय वाटलं. भरती सुरू झाली होती आणि पाण्याची पहिली पातळ लाट फणीच्या रेषांवर चढून परत गेली.

"माझं चुकलंच," केतकी म्हणाली. "नवी वाळू आल्यावर यंत्र पुन्हा तपासायला हवं होतं. ते मी लिहून देईन, माझ्या नावाने. पण मॅडम, मला एकच सांगा. हे यंत्र माझं नसतं, दुसऱ्या कुणाचं, तुम्हाला नावही माहीत नसलेल्या माणसाचं असतं, तर त्याला त्याच दुपारी फोन केला असता ना?"